पेन्शनचा आकडा आधी काढा, बाकीचं मग बोलू

प्रश्न: ताई, मी भोसरीला एका कंपनीत सीएनसी मशीनवर सेटर आहे. वय 46. बेसिक आणि डीए मिळून 28 हजार, हातात 42 हजारांच्या आसपास पडतात. घराचा हप्ता साडेदहा हजार आहे, तो 2031 मध्ये संपेल. मुलगी दहावीला, मुलगा सहावीत. सप्टेंबर 2006 पासून माझा पीएफ कापला जातो. 2011 मध्ये पहिली कंपनी सोडली तेव्हा घरासाठी पीएफ आणि पेन्शन दोन्हीचे पैसे काढून घेतले. दुसऱ्या कंपनीत 2017 पर्यंत होतो. तिथले अडीच लाख जुन्या खात्यात तसेच पडून आहेत, आताच्या खात्यात साडेसहा लाख आहेत. रिटायर झाल्यावर सरकारची पेन्शन बसणारच आहे, वर पीएफ आहे, म्हणून वेगळं असं काही टाकलं नाही. बायको (वय 37, घरी शिवणकाम करते) म्हणते, दरमहा काहीतरी बाजूला काढा. मित्र म्हणतो, जुन्या खात्यातले अडीच लाख काढ आणि चाकणच्या पुढे एक गुंठा घेऊन ठेव. पेन्शन साडेसात हजार होणार असंही कानावर येतं. मी नक्की काय करू?
– एक वाचक, भोसरी

उत्तर:

भाऊ, तुमच्या बायकोचं बरोबर आहे. मित्राचं चुकतंय. आणि साडेसात हजारांचं जे ऐकलंत, त्यावर आज काहीही आखू नका.

तुमच्या पत्रात एक वाक्य आहे, "सरकारची पेन्शन बसणारच आहे." बसेल, यात शंका नाही. पण ती किती बसेल, हे तुम्ही लिहिलेलं नाही. एमआयडीसीतल्या वाचकांची अशी जी पत्रं येतात त्यातल्या बहुतेकांत हाच आकडा नसतो. पेन्शन आहे एवढं माहीत असतं, आणि त्या भरवशावर पंधरा-वीस वर्षं निघून जातात. म्हणून आधी आपण तुमचा आकडा काढू.

तुम्हाला मिळणार ती पेन्शन कर्मचारी पेन्शन योजना 1995 ची, म्हणजे ईपीएस-95 ची. तिचा हिशेब सोपा आहे. पेन्शनसाठी धरलेला पगार गुणिले सर्व्हिसची वर्षं, भागिले 70. मेख पहिल्या शब्दांत आहे. तुमचा बेसिक 28 हजार असला तरी पेन्शनसाठी पगार धरला जातो जास्तीत जास्त 15 हजार. ही मर्यादा 1 सप्टेंबर 2014 पासूनची. त्याआधीच्या सर्व्हिसला तर 6,500 चीच मर्यादा लागते. पुढच्या बारा वर्षांत तुमचा बेसिक 50 हजार झाला तरी हा हिशेब जागचा हलत नाही.

आता तुमची वर्षं मोजू. 2006 ते 2011 ची पाच वर्षं गेली. फॉर्म 10सी भरून पेन्शनचे पैसे काढले की ती सर्व्हिस पेन्शनच्या हिशेबातून कायमची पुसली जाते. तेव्हा घर उभं करायचं होतं, गरज होती, त्याबद्दल मनाला लावून घेऊ नका. उरली सप्टेंबर 2011 पासून 2038 मध्ये तुम्हाला 58 पूर्ण होईपर्यंतची 27 वर्षं. त्यातली 3 वर्षं 6,500 च्या दराने, 24 वर्षं 15 हजारांच्या दराने. हे होतात 5,421 रुपये. सर्व्हिस 20 वर्षांच्या वर गेली की 2 वर्षं जादा धरतात, ती मिळवली तर साडेपाच-पावणेसहा हजार. आपण 5,600 धरून चालू.

दरमहा 5,600. हा आकडा कागदावर लिहा आणि बायकोला दाखवा.

त्याच्या खाली दुसरी गोष्ट लिहा: ही पेन्शन वाढत नाही. सरकारी कर्मचाऱ्यांना पेन्शनवर महागाई भत्ता असतो, तसा ईपीएसला नाही. 2038 मध्ये 5,600 सुरू झाले की 2050 मध्येही 5,600 च. तुमच्या पश्चात पत्नीला त्यातले निम्मे, म्हणजे 2,800. त्या तुमच्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान आहेत. तुम्ही ऐंशीचे असाल तेव्हा त्या 71 च्या असतील, आणि त्यांच्यापुढेही बरीच वर्षं असतील. हा सगळा हिशेब मुळात त्यांच्या म्हातारपणाचा आहे, म्हणून त्या जे म्हणतात ते मला तुमच्या मित्राच्या बोलण्यापेक्षा जास्त वजनाचं वाटतं.

साडेसात हजारांचं सांगते. ईपीएसची किमान पेन्शन 2014 पासून 1,000 रुपयांवर थांबली आहे. ती 7,500 अधिक महागाई भत्ता करावी, ही पेन्शनधारकांची मागणी आहे. तिच्यासाठी आपल्या बुलढाण्यात 2018 पासून साखळी उपोषण चाललं, वयाची सत्तरी ओलांडलेली माणसं मांडवात बसली. ज्यांनी उभी हयात एसटीत, साखर कारखान्यात, सूतगिरणीत घालवली आणि ज्यांच्या हातात दीड-दोन हजार येतात, त्यांची मागणी मला पूर्ण न्याय्य वाटते. पण मागणी न्याय्य असणं वेगळं आणि ती तुमच्या जमाखर्चात धरणं वेगळं. मिळाली तर आनंदाने घ्या. आखणी 5,600 वरच करा.

आता खर्चाची बाजू. हप्ता आणि मुलांच्या फिया-क्लास सोडून घर चालवायला तुम्हाला आज वीस हजार लागत असतील असं मी धरते. कमी-जास्त असेल तर तुमचा आकडा घाला. म्हातारपणी हप्ता नसेल, फिया नसतील, पण औषधपाणी वाढेल आणि कंपनीचा मेडिक्लेम रिटायरमेंटबरोबर संपेल. त्याचे पाच हजार धरा. आजच्या भावाने झाले 25 हजार. महागाई सालाला 6 टक्के धरली तर बारा वर्षांत रक्कम दुप्पट होते. म्हणजे 2038 मध्ये याच राहणीला 50 हजार लागतील, आणि तुम्ही सत्तरीला याल तेव्हा एक लाख. पेन्शन तेव्हाही 5,600.

पीएफचं काय? दोन्ही खाती मिळून आज नऊ लाख आहेत. तुमचे 3,360 आणि कंपनीकडचे 2,110 मिळून दरमहा 5,470 भर पडते. कंपनीही तुमच्याइतकेच 3,360 भरते, पण त्यातले 1,250 पेन्शन फंडात जातात. व्याज 2024-25 ला होतं तसं 8.25 टक्केच राहिलं आणि पगार अजिबात वाढला नाही असं धरलं, तरी 2038 मध्ये साधारण 36 लाख होतात. ग्रॅच्युइटी आजच्या बेसिकवर 21 वर्षांची सव्वातीन-साडेतीन लाख. चाळीस लाख ऐकायला मोठे वाटतात. पण पेन्शन वजा जाता 2038 मध्ये तुम्हाला वर्षाला सव्वापाच लाखांच्या वर लागणार आहेत. व्याज आणि महागाई एकमेकांना खाऊन टाकतात असं मानलं, तर हे चाळीस लाख सात-साडेसात वर्षांत संपतात. म्हणजे तुमच्या पासष्टीच्या आसपास.

हे सगळं घाबरवायला लिहिलेलं नाही. बारा वर्षं हातात आहेत, हप्ता पाच वर्षांत संपतोय, आणि दरमहा पाच-साडेपाच हजार तुमच्याकडे उरत असावेत असं पत्रावरून दिसतं. एवढ्यावर बरंच काही करता येतं. पण सुरुवात नव्या गुंतवणुकीने करायची नाही. ती जुन्या खात्यापासून करायची.

दुसऱ्या कंपनीतल्या अडीच लाखांना हात लावू नका. ते काढले तर सहा वर्षांच्या पीएफवरचं पुढचं चक्रवाढ व्याज जातंच, पण खातं आताच्या खात्याशी जोडलं नाही तर त्या सहा वर्षांची पेन्शनची सर्व्हिसही लोंबकळत राहते. तीन वर्षं जुन्या दराने आणि तीन नव्या दराने, म्हणजे दरमहा नऊशेच्या वर रुपये. 5,600 मधून नऊशे जाणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. अडीच लाख जर 8.25 टक्क्यांनी बारा वर्षं नुसते पडून राहिले तर साडेसहा लाखांच्या घरात जातात. गुंठ्याचं म्हणाल, तर चाकणच्या पुढे एकेक गुंठा विकला जातो तो बहुतेक वेळा सात-बारावर सामाईक नावाने. पुढे विकायला गेलात की बाकीच्यांच्या सह्यांसाठी अडू शकतं, बांधकामाला परवानगी मिळणं कठीण असतं, आणि म्हातारपणी दरमहा किराणा भरायला त्या गुंठ्यातून एक रुपया येत नाही. मित्राचा हेतू चांगला असेल. सल्ला तुमच्या उपयोगाचा नाही.

खातं जोडायचं कसं ते नीट सांगते, कारण अडकतं ते इथेच. यूएएनने, म्हणजे नोकरी बदलली तरी तोच राहणाऱ्या पीएफ नंबराने, सदस्य पोर्टलवर लॉगिन करा आणि आधी सर्व्हिस हिस्ट्री उघडा. दुसऱ्या कंपनीच्या नावापुढे 'डेट ऑफ एक्झिट' आहे का बघा. कित्येक कंपन्या ती भरतच नाहीत, आणि ती नसेल तर ट्रान्सफरचा क्लेम पुढे सरकत नाही. शेवटची कटिंग होऊन दोन महिने उलटले असतील तर ही तारीख तुम्ही स्वतः पोर्टलवर टाकू शकता. आधारवर आणि पीएफमध्ये नाव, जन्मतारीख अक्षरन्अक्षर जुळते का पाहा. दुसऱ्या कंपनीचा यूएएन वेगळा निघाला तर तेही इथेच कळेल. मग ऑनलाइन ट्रान्सफरची विनंती करा. पैसे सरकल्यावर नव्या पासबुकात पेन्शनच्या रकान्यात जुन्या खात्याचं शून्य दिसतं. ते पाहून पुष्कळ जण धास्तावतात. पेन्शनचे पैसे सदस्याच्या नावावर सरकत नसतात, सरकते ती सर्व्हिस. तिची नोंद 'अ‍ॅनेक्शर के' नावाच्या कागदात असते. तो मिळवा आणि जपून ठेवा.

पासबुक उघडलंच आहे तर आताच्या कंपनीच्या पानावर आणखी एक गोष्ट बघा, आणि ही फार महत्त्वाची आहे. तिथे तीन रकाने असतात: तुमचा वाटा, कंपनीचा वाटा, पेन्शन. तिसऱ्या रकान्यात 2017 पासून दर महिन्याला 1,250 दिसायला हवेत. 1 सप्टेंबर 2014 नंतर जो नव्याने पीएफमध्ये आला आणि ज्याचा बेसिक 15 हजारांच्या वर आहे, त्याला ही पेन्शन योजनाच लागू होत नाही. तुम्ही जुने सदस्य आहात, तुम्हाला ती लागू आहे. पण 2017 मध्ये रुजू होताना फॉर्म 11 वर आधीच्या पीएफची माहिती भरायची राहिली असेल, तर कंपनीने तुम्हाला नवा समजून पेन्शनची कटिंग केलीच नसेल. रकान्यात शून्यं दिसली तर त्याच आठवड्यात एचआरकडे लेखी अर्ज द्या. हे 2038 मध्ये दुरुस्त करायला गेलात तर कंपनी असेल की नाही, हे कुणी सांगावं.

तिसऱ्या रकान्याबद्दल आणखी एक गैरसमज असतो. ते 1,250 साठत जातात आणि शेवटी एकरकमी मिळतात, असं अनेकांना वाटतं. तसं नाही. त्यावर व्याजही जमा होत नाही. तो पैसा एका सामाईक फंडात जातो आणि त्याबदल्यात तुम्हाला वर काढली ती पेन्शन मिळते. म्हणूनच तुमची सर्व्हिस अखंड ठेवणं हीच त्यातली खरी कमाई. पुढेमागे नोकरी सुटली तरी पेन्शनच्या नावाने काही काढायचं नाही. आता तर भविष्य निधीच्या विश्वस्त मंडळाने ऑक्टोबर 2025 मध्ये ठरवलं आहे की नोकरी गेल्यावर पेन्शनचे पैसे काढायला दोन महिन्यांऐवजी 36 महिने थांबावं लागेल. कामगारांत यावर नाराजी आहे, ती मी समजू शकते. तरी तुमच्यासारख्याच्या म्हातारपणाच्या दृष्टीने ते भल्याचंच आहे.

एवढं झालं की मग बचत. उरणाऱ्या पैशांतले चार हजार पगाराच्या दिवशीच बाजूला जाऊ द्या. दोन हजार व्हीपीएफमध्ये, म्हणजे पीएफमध्येच स्वतःहून जादा कटिंग. व्याज तेच, जोखीम नाही, आणि पैसा हाताला लागत नाही हा मोठा फायदा. एचआरला एक अर्ज दिला की झालं, काही कंपन्या तो फक्त एप्रिलमध्ये घेतात. बाकीचे दोन हजार इंडेक्स फंडाच्या एसआयपीत, म्हणजे शेअर बाजाराच्या निर्देशांकाप्रमाणे चालणाऱ्या म्युच्युअल फंडात दरमहा ठरलेली रक्कम. शेअर बाजार खाली-वर होतो, एखादं वर्ष तोट्याचं जाईल, पण 5,600 ची पेन्शन आणि 8.25 चा पीएफ या दोन्ही बांधीव गोष्टी तुमच्याकडे आहेतच. महागाईच्या पुढे पळू शकेल असं काहीतरी हवं, ते हे. पंचावन्नच्या पुढे यातला पैसा हळूहळू काढून सुरक्षित जागी आणायचा.

कर वाचवायला म्हणून कुणी विम्याची पेन्शन पॉलिसी गळ्यात मारू लागला तर साफ नाही म्हणा. नव्या करप्रणालीत तुमच्या उत्पन्नावर कर लागतच नाही.

2031 मध्ये हप्ता संपेल. त्या महिन्यापासून ते साडेदहा हजार जसेच्या तसे बचतीत वळवा. मुलगी तेव्हा वीस-एकवीसची असेल, लग्नाच्या गोष्टी निघतील, मुलगा कॉलेजात जाईल, आणि या पैशांवर सगळ्यांची नजर पडेल. शिक्षणाला मदत करा, जरूर करा, पण तिथेही शैक्षणिक कर्ज मिळतं. म्हातारपणासाठी कुठलीही बँक कर्ज देत नाही. हॉल आणि जेवणावळीवर पीएफ उडवू नका, हे मी अगदी कळकळीने सांगते, कारण पीएफ रिकामा करण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण आपल्याकडे तेच आहे. हे साडेदहा हजार सात वर्षं नीट गेले तर बारा लाखांच्या आसपास होतात. चार हजारांचे दहा लाख. दरवर्षी पगारवाढीतले हजार रुपये बचतीत वाढवत गेलात तर आणखी दहा-अकरा लाख. पगार वाढेल तसा पीएफ आणि ग्रॅच्युइटीही वाढेल. सगळं मिळून आकडा ऐंशी लाखांपर्यंत जाऊ शकतो, आणि तुमची पंधरा-अठरा वर्षं निघतात. 58 ऐवजी 60 पर्यंत काम मिळालं, आणि चांगल्या सेटरला ते मिळतं, तर हाच पैसा तुमच्या ऐंशीच्या जवळपास पुरू शकतो. पेन्शनही तेव्हाच सुरू करा, पुढे ढकलल्याबद्दल वर्षामागे 4 टक्के वाढ मिळते. उलट पन्नाशीनंतर लवकर सुरू केली तर वर्षामागे 4 टक्के कापतात, ती जन्मभरासाठी. त्या फंदात पडू नका.

वहिनींसाठी एक काम तातडीचं आहे. अटल पेन्शन योजनेत चाळिशीच्या आतच नाव नोंदवता येतं आणि नोंदवणारी व्यक्ती आयकर भरणारी नसावी लागते. त्या 37 च्या आहेत, दोन्ही अटींत बसतात. 60 व्या वर्षापासून दरमहा 5,000 मिळायला त्यांना आज महिन्याला हजारापेक्षा थोडे जास्त भरावे लागतील. बँकेत किंवा पोस्टात खातं असलं की पुरे. तेही 5,000 वाढत नाहीत, त्यामुळे त्यावर घर चालेल असं समजू नका. पण ते त्यांच्या स्वतःच्या नावाचे असतील, शिवणकामाच्या कमाईतून उभे राहिलेले, आणि तुमच्या पश्चात मिळणाऱ्या 2,800 च्या जोडीला येतील. तुमच्या पीएफला ई-नॉमिनेशन, म्हणजे वारसाची ऑनलाइन नोंद, झाली आहे का, हेही त्याच दिवशी बघून घ्या. पीएफबरोबर जास्तीत जास्त सात लाखांचा विमा असतो, तो मिळताना वारसाची धावपळ याच एका नोंदीने वाचते.

आरोग्य विमा कंपनीच्या भरवशावर ठेवू नका. पन्नाशीच्या आत दोघांचा स्वतंत्र घ्या, कारण शुगर-बीपी एकदा कागदावर आलं की हप्ता वाढतो किंवा नकार येतो. सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी गेला आहे, तेवढं स्वस्त पडेल. सत्तरीनंतर आयुष्मान कार्डावर पाच लाखांपर्यंतचे उपचार आहेत, पण मधली वर्षं तुमची तुम्हालाच सांभाळायची आहेत.

2038 मध्ये हातात रक्कम आली की ती कुठे ठेवायची, हे तेव्हाचे दर पाहून ठरवू. आजच्या घडीला पोस्टातली ज्येष्ठ नागरिक बचत योजना 30 लाखांपर्यंत 8.2 टक्के देते आणि दर तीन महिन्यांनी व्याज खात्यात येतं. त्या वेळी असंच काहीतरी मुख्य आधार असेल.

आता या रविवारी वहिनींना शेजारी बसवून पासबुक उघडा. तिसरा रकाना आणि डेट ऑफ एक्झिट, एवढंच आधी. ट्रान्सफरचा क्लेम नाकारला गेला तर त्यापुढे कारण लिहिलेलं असतं, ते उतरवून घ्या. दर महिन्याच्या 27 तारखेला भविष्य निधी कार्यालयाचा 'निधी आपके निकट' म्हणून तक्रार मेळावा भरतो. तिथे तो कागद, दुसऱ्या कंपनीची एखादी जुनी पगारपावती आणि आधार घेऊन जा. तरीही काम अडलं तर नाकारण्याचं कारण जसंच्या तसं लिहून मला कळवा.